बापूंचं धनुष्य

खंडेनवमीला हौसेरावांच्या घरात सकाळी सहानंतर कुणी झोपलेला सापडला, तर त्याला पोतं समजून उचलतात आणि मोरीत नेऊन ठेवतात. निदान त्यांचा नातू शिवतेज लहानपणापासून हेच ऐकत आला होता. त्यामुळे सव्वीस वर्षांचा हा घोडा या वर्षी पाचलाच उठून, दाढी करून, इस्त्रीचा कुर्ता घालून बसलेला दिसला तेव्हा त्याच्या आईला, शालनला, काळजीच वाटली.

"ताप-बिप नाही ना रे?"

"आई, खोपकर सर दहाला येतायत. तळोज्यावरून. त्यांनी एकदा लिहून दिलं की टेन्शन खतम. संध्याकाळी गाडी, उद्या दसऱ्याला धनुष्य तालमीत."

शालननं मान डोलावली आणि झेंडूची टोपली पुढे ओढली. घणसोलीच्या माथाडी वसाहतीतल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत चौरंग मांडून झाला होता. त्यावर पोती उचलायचे दोन लोखंडी आकडे होते. एक हौसेरावांचा, मस्जिद बंदरच्या दिवसांतला, घासून घासून बारीक झालेला. दुसरा शालनच्या नवऱ्याचा जुना, कारण नवा घेऊन तो पहाटेच वाशीच्या बाजारात गाळ्यावरच्या पूजेला गेला होता. शेजारी शिवतेजचा लॅपटॉप. ज्याचं पोट ज्याच्यावर, त्याला आज फूल, असा हौसेरावांचा नियम होता.

आणि या सगळ्यांच्या वर, भिंतीवरच्या दोन खिळ्यांवर, बापूंचं धनुष्य.

बापू म्हणजे हौसेरावांचे आजोबा. या धनुष्यानं त्यांनी कोयनेच्या रानात डुक्कर मारलं होतं. हे डुक्कर फार गुणाचं होतं. शालन लग्न होऊन आली तेव्हा ते साधं रानडुक्कर होतं, शिवतेजच्या बारशाच्या सुमारास त्याचं अस्वल झालं आणि गेल्या दसऱ्याला गावाकडच्या तालमीतल्या पोरांसमोर हौसेरावांच्या तोंडून चक्क बिबट्या निघून गेला. पोरं खूश झाली. त्यांनी वर्गणी काढून काचेचं कपाट केलं, पितळी पाटी करून घेतली, फक्त साल कोरायचं बाकी ठेवलं, आणि आता हौसेरावांनी शब्द दिला होता म्हणून धनुष्य तिकडे जायचं होतं. तज्ज्ञाचा कागद हवा ही शक्कल मात्र शिवतेजची. म्हणजे त्याला तरी तसं वाटत होतं.

साडेनऊला राहीबाई आल्या. हौसेरावांच्या धाकट्या बहिणीनं सत्तरी गाठली होती, पण तळवलीहून रिक्षात बसून येताना रिक्षावाल्याला सिग्नल कसा पाळावा हे शिकवण्याइतका दम अजून शिल्लक होता. मागून त्यांची मुलगी अरुणा, हातात करंज्यांचा डबा.

"मामा, पाया पडते. आईनं काल रात्रभर कूस बदललीय. विचारलं तर काही सांगत नाही," अरुणानं आल्या आल्या तक्रार केली.

"गुडघं दुकत्यात, दुसरं काय," राहीबाई म्हणाल्या. "दादा, बरा हैस का?"

"मला काय झालंय? ये, बस. पंख्याखाली बस."

राहीबाई पंख्याखाली बसल्या आणि त्यांनी वर पाहिलं. पन्नास वर्षं त्या दर खंडेनवमीला दादाकडे येत होत्या आणि दर वर्षी आधी वर पाहत होत्या. कारण ते धनुष्य बापूंचं नव्हतं. ते त्यांचं होतं.

कोयनानगरच्या वसाहतीत धरणाच्या कामासाठी आलेला एक परदेशी साहेब होता, त्याची बायको बंगल्यामागच्या गवतात बाण मारायची. राही तेव्हा सतरा वर्षांची, त्या बंगल्यावर भांड्याला जायची. बाईनं एक दिवस भांडी ठेवायला लावून तिच्या हातात धनुष्य दिलं. पुढे दीड वर्षं रोज सकाळी भांड्यांच्या आधी बाण. बाई परत जाताना राहीच्या मापाचं मागवलेलं धनुष्य तिलाच देऊन गेली, पुण्याच्या सामन्यासाठी तिचं नावही घालून गेली. सामन्याआधी राहीला हळद लागली. आणि लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांसमोर दादानं छाती काढून सांगितलं, 'हे आमच्या बापूंचं.' आतल्या चुलीपाशी उभ्या राहीनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

इतकी वर्षं त्या बोलल्या नाहीत. सख्ख्या भावाला खोटं पाडायचं, तेही भाचेसुनांसमोर, हे त्यांना जमणारं नव्हतं. पण उद्या ते काचेत जाणार, त्यावर बापूंच्या नावाची पितळी पाटी बसणार, आणि मग मेल्यावरही ते आपलं होणार नाही, हे कळल्यापासून त्यांना झोप नव्हती. म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी शिवतेजच्या कानात सहज म्हणून घातलं होतं, "आरं, पितळंवर साल कोरनार न्हवं? मग कुना जाणत्याला दावून तर घे." आपण बोलायचं नाही, पण त्या लाकडाला बोलता आलं तर बोलू दे, एवढाच त्यांचा कावा.

अरविंद खोपकर दहाला पाच कमी असताना आले. तळोज्याच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत हयात काढून निवृत्त झालेला, अंगानं किडकिडीत माणूस. घरात त्यांची बासष्ट जुनी धनुष्यं होती आणि त्यामुळे बायकोला कपाट मिळत नव्हतं, हे त्यांनी चहा यायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. मग त्यांनी चष्मा पुसला, वर पाहिलं आणि 'अरेरे' म्हणाले.

"काय झालं, सर?" शिवतेज घाबरला.

"उलटं चढवलंय."

"म्हंजे?" हौसेरावांनी विचारलं.

"या जातीला रिकर्व्ह म्हणतात, आजोबा. याची टोकं पुढे वळलेली असतात. दोरी चढवायची तर मुठीच्या वरखालची पाती त्या वळणाच्या विरुद्ध वाकवावी लागतात, त्यातच सगळा जोर. तुम्ही ती आहेत त्याच बाजूला वाकवून बांधलीत. सदरा पाठीवर बटणं ठेवून घालावा तसं." खोपकरांनी टाचा उंचावून नीट पाहिलं. "आणि ही दोरी कसली?"

"पोती शिवायची सुतळी," हौसेराव तोऱ्यात म्हणाले. "तिहेरी. सोता वळलीया."

"ती सैल पडली म्हणून धनुष्य वाचलं. खरी दोरी असती तर मोडलं असतं."

अरुणाला हसू आवरेना. "मामा, बापूंनी बिबट्या असाच मारला का? उलट्या धनुष्यानं?"

"आगं, बापूंनी सरळच लावलं आसंल. नंतर कुनीतरी उलटं केलं."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. दादानं पहिल्यांदा ते भिंतीवर टांगलं तेव्हाच त्यांच्या हे लक्षात आलं होतं. रागानं त्यांनी सांगितलं नव्हतं. पुढे पन्नास वर्षं नैवेद्य दाखवताना त्या उलट्या धनुष्याकडे बघून हसावं की रडावं हे त्यांना दर वेळी नव्यानं ठरवावं लागे.

शिवतेजनं स्टुलावर चढून धनुष्य खाली काढलं, सुतळी कापली आणि जमिनीवर चादर पसरून त्यावर ठेवलं. तो उत्साहानं सांगायला लागला, "सर, ॲक्च्युअली हे एकोणीसशे वीसच्या आसपासचं असणार, कारण माझे खापरपणजोबा..."

खोपकरांनी हात वर केला. "थांबा. कहाणी शेवटी. माझा नेम आहे. आधी वस्तू बघायची, मग माणसांचं ऐकायचं. आधी ऐकलं की डोळे तेच बघायला लागतात."

हे ऐकून हौसेरावांनी पानाचा डबा जवळ ओढला. त्यांच्या कपाळावर बारीक घाम आला होता आणि तो पंख्याखाली आला होता, हे फक्त शालनच्या लक्षात आलं. तिनं सासऱ्यांना असं बसल्या जागी घामेजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आबा, पाणी देऊ?"

"नगं."

खोपकर गुडघ्यांवर बसून काम करत होते. आधी त्यांनी बॅटरी लावून मुठीचं लाकूड पाहिलं. मग पात्यांवरून नख फिरवलं. पात्याच्या दोन्ही अंगांना पांढरट, तेलानं पिवळा पडलेला गुळगुळीत थर होता.

"ते हस्तिदंत हाय," हौसेरावांनी न विचारता सांगितलं.

"फायबरग्लास आहे, आजोबा."

"आपल्या पत्र्यांना असतो तो?" शालननं विचारलं.

"त्याच घरातला. धनुष्यावर हा थर चिकटवायला लागले ते एकोणीसशे पन्नासनंतर. त्याआधी ही चीजच नव्हती."

शिवतेज मनात हिशेब करत होता. त्याच्या कुर्त्याची इस्त्री जणू एका क्षणात उतरली. "पण सर, बापू अठ्ठेचाळीसला वारले."

"मी अजून कहाणी ऐकत नाहीये," खोपकर शांतपणे म्हणाले. त्यांनी मुठीच्या वरच्या अंगाला कापसानं हळूच पुसलं. तेलाच्या काजळीखालून निळसर रंगाचा छोटा पक्षी निघाला, पंख पसरलेला. त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचं बाड काढलं, पानं उलटली आणि लहान मुलासारखे खूश झाले. "बगळा! अमेरिकेतली बारकी कंपनी होती, बंद पडून जमाना झाला. सत्तरपर्यंत बगळा सोनेरी. एकाहत्तरपासून निळा. नक्की साल पात्यावर लिहिलेलं असतं, हातानं, शाईनं, खालच्या पात्याच्या आतल्या अंगाला. इथे."

त्यांनी बोट ठेवलं ते कुंकवावर.

पन्नास वर्षांचं हळदकुंकू, तेल आणि धुपाची काजळी एकाच जागी बसून तिथे बोटभर जाडीचा काळा-लाल गड्डा झाला होता. घरात येणारी प्रत्येक सून, प्रत्येक माहेरवाशीण, त्याच जागी बोट टेकवत आली होती, कारण हौसेरावांनी पहिल्या दिवसापासून ती जागा ठरवून दिली होती.

"हे काढावं लागेल," खोपकर म्हणाले.

"न्हाई!" हौसेराव उठून उभेच राहिले. "आज खंडेनवमी हाय. पूजेच्या दिवशी कुंकू पुसायचं? आवो, तुमी पावनं हाईसा, च्या घ्या, करंजी खावा. पर कुंकवाला हात लावायचा न्हाई."

"आबा, मग साल कसं कळणार? पाटीवर काय कोरणार?" शिवतेज.

"काय बी कोर. लई जुनं, आसं कोर."

"आबांचं बरोबर आहे," शालन म्हणाली. तिला हे खरंच पटत होतं. "सणाच्या दिवशी कुंकू पुसू नये. उद्या-परवा बघू."

"वहिनी, संध्याकाळी ते जाणार आहे. परवा काय काचेवरून पुसणार?" अरुणाचा आवाज चढला. "मामांना भीती कसली वाटतेय? मघापासून बघतेय मी."

"अरुणाताई, मोठ्यांशी असं..."

"मोठे आहेत म्हणूनच विचारतेय!"

बघता बघता खोलीचे दोन भाग झाले. एकीकडे सासरा आणि सून, दुसरीकडे भाची आणि नातू. मध्ये चादरीवर धनुष्य, आणि त्याच्यापाशी खोपकर करंजी खात बसलेले. अशी भांडणं त्यांना सवयीची असावीत. जिथे जुनं धनुष्य तिथे दोन पक्ष, असा त्यांचा अनुभव होता.

शालनची नजर मात्र आत्यांवर गेली. राहीबाई वादात नव्हत्या. त्या नुसत्या कुंकवाच्या गड्ड्याकडे बघत होत्या, आणि मांडीवर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकली होती, कुणीतरी त्यांत काहीतरी अडकवल्यासारखी. शालनला काही कळलं नाही, पण इतक्या वर्षांत आत्यांनी या घरात स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवेना. तिनं क्षणात बाजू बदलली.

"आबा, एक करू या. आज घरची लेक आलीय. माहेरवाशिणीनं सांगितलं तर दोष लागत नाही, असं तुम्हीच म्हणता. आत्यांना विचारा. त्या म्हणतील ते."

सगळ्यांनी राहीबाईंकडे पाहिलं. हौसेरावांनीही. त्या नजरेत काय होतं ते राहीबाईंना कळलं नाही. दटावणी असती तर त्यांनी ओळखली असती. ही विनवणी होती, आणि ती त्यांच्या ओळखीची नव्हती.

"पुसा," त्या म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "माज्या जिवावर पुसा."

खोपकरांनी स्पिरिटची बाटली काढली, पण शालननं त्यांना अडवलं. "त्यानं नको. कुंकू खोबरेल तेलानं सुटतं. कोमट करून आणते." स्वयंपाकघरातून ती वाटी आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आली आणि खाली बसली. तेल लावलं, थांबली, पुसलं. पुन्हा लावलं. गड्डा मऊ झाला, सुटला, कपडा लाल-काळा झाला. दहा मिनिटं हेच चाललं. बाहेर शेजारच्यांच्या टेम्पोला हार घालून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

मग पांढरट थराखाली जपलेली बारीक, तिरकी शाई दिसायला लागली. खोपकरांनी भिंग धरलं.

"एकाहत्तर. मग रेघ, मग नंबर. एकोणीसशे एकाहत्तर साल." त्यांनी भिंग सरकवलं. "लांबी बासष्ट इंच. आणि हा जोर. अठ्ठावीस पौंड."

"म्हणजे खूप?" शिवतेजनं क्षीण आशेनं विचारलं.

"रानडुकराला गुदगुल्या होतील." खोपकर उठले, गुडघे झटकले. "वस्तू सुंदर आहे. दुर्मीळ नाही, पण ठेवली छान गेलीय, तेल मिळालंय. शिकारीचं धनुष्य नाही हे. निशाण्यावर नेम धरायचं. बासष्ट इंच आणि अठ्ठावीस पौंड म्हणजे हे पाच फुटांच्या आसपासच्या मुलीसाठी घेतलंय. मुठीला आतून बघा, बोटांनी लाकूड झिजलंय. बारीक बोटं. आणि ही भिंतीवर टांगून झालेली झीज नाही. हिनं भरपूर बाण मारलेत. झालं माझं. आता कहाणी सांगा."

अरुणानं आईकडे पाहिलं. आई पाच फूट एक इंच होती, हे आधार कार्डासाठी तिनंच मोजलं होतं. आईचा हात मांडीवर होता, तीन बोटं अजून वाकलेलीच.

"आई?"

राहीबाई बोलायला पुढे सरकल्या. पण आधी बोलले ते हौसेराव.

"आमच्या घरात ते बहात्तरला आलं," ते म्हणाले आणि धपकन खाली बसले. एवढा मोठा माणूस बसला की खोलीतली भांडी वाजतात, तशी वाजली. "हे राहीचं हाय."

"आबा!" शिवतेज ओरडला. "आणि बापू?"

"बापू गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे. त्येंनी जन्मात धनुष्य बघितलं न्हाई."

"मग ते डुक्कर?"

"डुक्कर हुतं. पर ते बापूंच्या मागं लागलं हुतं."

अरुणा पहिल्यांदा हसली, मग शालन, मग खोपकर तोंडावर झेरॉक्स धरून. शिवतेजला हसावं की पितळी पाटीवाल्याला फोन करावा हे कळेना. फक्त राहीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"पन्नास वर्सं, दादा," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं म्या तुला मनातनं चोर म्हनत आले. पावण्यांसमोर तू माजं धनुष्य बापूंच्या नावावर केलंस. मी चुलीम्होरं उभी हुते. मला वाटलं, अजून हळद लागली न्हाई तवरच माजं नाव ह्या घरातनं पुसलं."

"चोर?" हौसेरावांना खरोखर धक्का बसला. "आगं येडे! आईनं ते चुलीत घालायला काढलं हुतं. पावण्यांना कळलं पोरगी बंगल्याव बाण मारती, तर लगीन मोडंल म्हनून. आन् तेवढ्यात तुजा चुलतसासरा दारात. नजर पडली, म्हनला, हे कुनाचं? माज्या तोंडातनं निघालं, आमच्या बापूंचं. त्यो गडी धनुष्याच्या पाया पडला! पावनं ज्येच्या पाया पडलं ते आई चुलीत कशी घालनार? वाचलं न्हवं का?"

राहीबाईंनी धनुष्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"आन् म्या त्येला म्हंबईला आनलं. पूजा सुरू केली. पूजेची वस्तू कोन मोडत न्हाई, कोन इकत न्हाई. इंग्रजी आकडं दिसत हुतं, कुनी बी शिकलेला वाचायचा, म्हनून कुंकू त्याच जागी लावायला सांगितलं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला ठाव हाय आसंच वाटलं की!" हौसेरावांचा आवाज फुटला. "दर साली येतीस, हात जोडतीस, कुंकू लावतीस, बापूंची गोष्ट गुमान ऐकतीस. म्हनलं, भईन माजी नाटक बराबर वठवतीया. पुढं तुजी सासू गेली, दाजी गेले. तवा सांगायचं हुतं. पर तवर डुकराचं अस्वल झालं हुतं, राहे. गोष्ट हाताबाहीर गेली."

"आन् आज कुंकू का पुसू देत नव्हतास?"

"नातवासमोर खोटा पडायची लाज वाटली. दुसरं काय?"

राहीबाई एकदम हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून, मग पदर डोळ्यांना लावून, मागे भिंतीला टेकून, गुडघ्यावर थापा मारत. इतका वेळ धरलेला राग असा फसकन फुटून हसू होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना हलकं वाटत होतं आणि थोडी शरमही वाटत होती. ज्याला चोर म्हणत आपण पन्नास वेळा करंज्या घेऊन आलो, तो गडी इतकी वर्षं आपली राखण करत होता. त्या सरकत सरकत भावाजवळ गेल्या आणि त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग दुसरी. तिसरीला त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

"रडू नगं," हौसेराव म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले.

"आबा, आत्याआजी, हे सगळं मस्त आहे," शिवतेज हातातला फोन नाचवत म्हणाला, "पण तालमीत कपाट रेडी आहे. पोरं ढोल लावून बसलीत. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, धनुष्याची मालकीण देत न्हाई म्हनून," हौसेराव डोळे पुसत म्हणाले.

"मी तळवलीला नेनार," राहीबाई म्हणाल्या. इतक्या सहज, की सगळ्यांना त्या हे रोजच म्हणत असाव्यात असं वाटलं. "कपाटात त्या पोरांना गुऱ्हाळाची कढई ठिवू दे. बापूंची खरी वस्तू तीच."

शिवतेजनं ती कल्पना थोडी चघळली आणि ती त्याला चक्क आवडली. तो गॅलरीत जाऊन फोनवर बोलायला लागला.

खोपकरांनी पात्यांवरून पुन्हा बॅटरी फिरवली. एक पातं किंचित पिळलं होतं, चीर कुठेच नव्हती. त्यांनी पिशवीतून नवी दोरी काढली. "सरळ चढवून ठेवू या का एकदा? नुसतं बघायला. कसं चढवतात ते दाखवतो, आधी हा पाय असा..."

"द्या हिकडं," राहीबाई म्हणाल्या.

"आई, गुडघा!" अरुणा ओरडली.

पण आईनं पदर खोचला होता. त्यांनी धनुष्याच्या आत उजवा पाय टाकला, खालचं टोक डाव्या पावलावर अडकवलं, मांडीचा रेटा देऊन वरचं पातं पुढे वाकवलं आणि दोरीचा फास खाचेत सरकवला. लाकूड एकदा कुरकुरलं. पन्नास वर्षं भिंतीवर बसक्या बेडकासारखं दिसणारं ते धनुष्य एकदम ताठ, देखणं झालं. शालनच्या तोंडून 'आई गं' निघालं. खोपकर काही शिकवायचं विसरले.

राहीबाईंनी चष्मा कपाळावर सारला, खिडकीकडे डावा खांदा केला आणि दोरी ओढली.

"अर्ध्यावरच थांबा, ताई," खोपकर म्हणाले.

त्या अर्ध्यावर थांबल्या. तिन्ही बोटं बरोबर जागी. खिडकीबाहेर टॉवरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती, तिच्याकडे त्यांची नजर लागली होती, आणि त्या क्षणी त्या टाकीची कुणालाही खात्री देता आली नसती. अरुणा आईकडे बघत राहिली. भाजी निवडणारी, रेशनला उभी राहणारी, रिक्षावाल्यांशी भांडणारी तिची आई ही होतीच, पण ही बाई तिच्या आधीपासून होती. अरुणाला अभिमानानं भरून आलं आणि आपल्याला हे पंचेचाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही याचा भयंकर रागही आला.

राहीबाईंनी दोरी हळूहळू पुढे सोडली. मोकळी झटकली नाही. मग त्यांनी धनुष्य भावापुढे धरलं.

"वढून बघ."

"म्या? आगं, मोडंल माज्या हातनं. म्या शंभर किलोचं पोतं..."

"वढ तर."

हौसेराव उभे राहिले. दोन्ही हातांनी त्यांनी धनुष्य पोत्यासारखंच पोटाशी धरलं. राहीबाईंनी त्यांचे पाय पायानंच फाकवले, डावा हात सरळ केला, उजवी तीन बोटं दोरीवर बसवली. हौसेरावांनी ओढलं. दोरी वीतभर आली आणि त्यांचा दंड थरथरायला लागला. बाजारात ज्याच्या पाठीचे दाखले दिले जायचे, त्या माणसाच्या कपाळावर शीर उभी राहिली.

"राहे, हे तर लई जड हाय गं."

"दिसाला शंभरदा वढायची मी. मग भांडी."

हौसेरावांनी दोरी हळूच परत नेली. धनुष्य तसंच धरून ते बहिणीकडे बघत राहिले, ती कुणी नवी आल्यासारखे.

"म्या तर पोरीचं खेळनं म्हनून जपलं हुतं," ते म्हणाले.

"जपलंस न्हवं?" राहीबाईंनी त्यांचं कोपर खालून वर उचललं. "मग आता शीक. कोपर वर घे, दादा."